पिल्लू घरी आणण्यापूर्वी

गेल्या चातुर्मासात एका दुपारी स्वाध्याय आटोपून आम्ही स्थानकाच्या पायऱ्या उतरत होतो. माझ्याहून वयाने लहान असलेल्या एका भगिनीने मला हलकेच बाजूला घेतले आणि विचारले, "भाभी, मुलांनी कुत्र्याच्या पिल्लासाठी हट्ट धरला आहे. तुमच्याकडे आहे ना? कोणत्या जातीचे घ्यावे, सांगाल का?"

हा प्रश्न हल्ली आपल्या समाजातील अनेक घरांतून ऐकू येतो. घरे लहान झाली, भावंडे कमी झाली, दुकानाच्या मागे घर आणि घरापुढे अंगण ही रचना गेली. मुलांना सोबत हवी असते. हट्ट चुकीचा नाही. पण 'कोणत्या जातीचे' हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा असतो, हे मला फार मोठी किंमत देऊन कळले आहे. ती हकीकत आधी सांगते, म्हणजे पुढील लिहिण्याचा अधिकार मला कोठून आला हे वाचकांना समजेल.

आमचे भुसार मालाचे दुकान पुण्याच्या मार्केट यार्डात आणि घर बिबवेवाडीत, तिसऱ्या मजल्यावर. घरात दादीसा, सासू-सासरे, आम्ही दोघे, धाकटे दीर-जाऊ आणि तीन मुले. पाच वर्षांपूर्वीच्या दिवाळीत माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने पाडव्याची भेट म्हणून पिल्लू मागितले. दुकानातील एका ओळखीच्या गृहस्थांनी शहराबाहेरच्या एका विक्रेत्याचा पत्ता दिला. आम्ही गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये पिंजऱ्यांच्या रांगा होत्या. विक्रेत्याने आतून एक पांढरेशुभ्र, निळ्या डोळ्यांचे हस्की जातीचे पिल्लू आणून मुलाच्या मांडीवर ठेवले. मुलाने बोट दाखवले, यांनी पैसे मोजले. दहा मिनिटांत व्यवहार पुरा झाला. पिल्लाची आई कोठे आहे, असे विचारायचे कोणालाही सुचले नाही. वय दोन महिने, लशी दिलेल्या, असे सांगून त्याने एक छापील पुस्तिका हाती ठेवली.

तिसऱ्या दिवशी पिल्लाने खाणे सोडले. चौथ्या दिवशी रक्ताचे जुलाब सुरू झाले. डॉक्टरांनी त्याचे तोंड उघडून पाहिले आणि म्हणाले, "दाढासुद्धा पुरत्या उगवलेल्या नाहीत. हे जेमतेम पाच आठवड्यांचे आहे." आजार पार्व्होचा होता. सलाइन लावले, रात्र-रात्र जागलो. सातव्या दिवशी पहाटे दादीसांनी त्याच्या कानाशी नवकार म्हटला आणि त्यानंतर थोड्याच वेळात ते गेले. मुलाने पुढे कित्येक दिवस त्या कोपऱ्यातून जाणे टाळले.

त्या विक्रेत्याला दोष देणे सोपे होते आणि आम्ही तो पुष्कळ दिलाही. पण एके रात्री काकासा म्हणजे माझे चुलत सासरे जे बोलले, ते मनात रुतून बसले. ते म्हणाले, "पन्नास पोती तूर घ्यायची तर आपण पोत्यापोत्यातून वानगी काढून तळहातावर पाहतो, दाताखाली दाणा फोडून पाहतो. आणि पंचेंद्रिय जीव घरात आणताना एवढेही केले नाही?" यावर कोणाजवळ उत्तर नव्हते.

यानंतर तीन वर्षे आम्ही पिल्लाचे नाव काढले नाही. पार्व्होचा विषाणू घरात आणि आवारात कित्येक महिने टिकून राहू शकतो, म्हणून एरवीही लगेच दुसरे अर्धवट लशीचे पिल्लू आणणे धोक्याचेच होते. त्या काळात मी वाचले, डॉक्टरांना विचारले, कुत्री पाळणाऱ्या घरांत जाऊन बसले. त्यातून जे हाती आले ते पुढे मांडते.

पहिली गोष्ट वयाची. पिल्लू आठ आठवडे आईजवळ आणि भावंडांत राहिले पाहिजे. कायदाही हेच सांगतो. केंद्र सरकारने २०१७ साली कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांविषयी नियम केले. त्यांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे आणि आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही. आईच्या पहिल्या दुधातून मिळालेले संरक्षण काही आठवड्यांत ओसरू लागते आणि लशीचे संरक्षण पुरते तयार व्हायला वेळ लागतो; मधली फट फार नाजूक असते. म्हणून पार्व्हो, डिस्टेंपर यांची लस सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत पुन्हा द्यावी लागते आणि रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर देतात. एकच टोचणी दाखवून 'सर्व लशी झाल्या' असे कोणी सांगू लागला, तर तेथून उठावे.

वयाचे दुसरेही एक कारण आहे, आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. स्कॉट आणि फुलर या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे पिल्लांची वाढ अभ्यासून १९६५ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी दाखवून दिले की साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचे मन जगाशी ओळख करून घेण्यासाठी उघडे असते. या काळात ज्याने माणसांचे हात, मुलांचा गोंगाट, कुकरची शिट्टी, भांड्यांचा आवाज अनुभवला, ते पुढे निर्भय होते. पत्र्याच्या शेडमध्ये, अंधाऱ्या पिंजऱ्यात हा काळ गेलेले पिल्लू दिसायला कितीही गोजिरे असो, ते भित्रे होण्याचा संभव फार. आणि भित्रे कुत्रेच बहुधा चावते. आपल्या घरी पाहुण्यांचा राबता असतो, दुकानातील माणसे जेवणाचा डबा न्यायला येतात, लहान मुले असतात. अशा घराला पिल्लाचे हे पहिले आठवडे कोठे गेले हे ठाऊक असलेच पाहिजे.

म्हणून पिल्लू पाहण्याआधी त्याची आई पाहावी. ती धष्टपुष्ट आहे का, माणसाजवळ शेपूट हलवीत येते की कोपऱ्यात दबून बसते, तिची स्तने एकामागून एक वेतांनी लोंबलेली आहेत का, हे डोळ्यांनी पाहावे. आई दाखवण्यास जो टाळाटाळ करतो त्याच्याकडचा माल घेऊ नये. 'माल' हा शब्द मी मुद्दाम वापरला. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत केशवाणिज्य येते, म्हणजे जिवंत प्राण्यांचा व्यापार. तो धंदा आपण करीत नाही, यात आपल्याला समाधान असते. पण ज्याच्याकडे मादीला वर्षानुवर्षे पिंजऱ्यात ठेवून पिल्ले काढली जातात, त्याच्या गल्ल्यात आपण पैसे टाकले तर तो धंदा कोणाच्या आधाराने चालतो? व्यापारी माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. मागणी असते म्हणूनच माल येतो.

येथे एक जुनी गोष्ट आठवते. मुंबईत इंग्रजी अंमलात उन्हाळ्यात रस्त्यावरची कुत्री मारण्याचा हुकूम असे. जून १८३२ मध्ये याविरुद्ध पारशी मंडळी उठली आणि हिंदू व जैन व्यापारीही त्यांच्या बाजूने उभे राहिले. दुकाने बंद झाली, शहराचा व्यवहार थांबला. दोन वर्षांनी, १८३४ साली, मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. सर जमशेटजी जीजीभाई आणि आपले मोतीशा शेठ यांची नावे तिच्या स्थापनेशी जोडलेली आहेत. ज्या कुत्र्यांसाठी आपल्या पूर्वजांनी दुकानांना टाळे लावले, ती कोणत्याही उंची जातीची नव्हती. रस्त्यावरची, गावठी, कोणाचीही नसलेली अशीच होती.

आता घराविषयी. एकत्र कुटुंब ही या बाबतीत फार मोठी सोय आहे, पण तिच्यात एक फसवणूकही दडलेली असते. सर्वांनी 'हो' म्हटले की प्रत्यक्षात कोणीच 'हो' म्हटलेले नसते. दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावे लागते. वयाचे जितके महिने त्याहून एखादा तास अधिक, एवढाच वेळ ते लघवी रोखू शकते. रात्रीही उठावे लागते. पुरुषमंडळी सकाळी यार्डात जातात, मुले शाळेत. राहतात त्या घरातील स्त्रिया, आणि ज्यांना वाकणे जमत नाही अशा वृद्ध माणसांचे पाय. माझी स्पष्ट सूचना अशी की पिल्लू आणण्यापूर्वी घरातील ज्या स्त्रीच्या अंगावर ते काम पडणार आहे, तिला एकटीला विचारावे. सगळे जेवायला बसलेले असताना विचारू नये.

आपल्या घरांतील काही प्रश्न असे आहेत की जे कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात सापडत नाहीत. गोचरीसाठी साध्वीजी न सांगता दाराशी येतात. त्याच क्षणी कुत्रे भुंकत दाराकडे धावले, तर त्या परत फिरतील आणि आपल्या मनाला आयुष्यभर बोचणी लागेल. आम्ही यासाठी दाराच्या आत कमरेएवढे लाकडी फाटक बसवले आणि घंटी वाजली की पिल्लाने आतल्या चटईवर जाऊन बसायचे, ही सवय पहिल्या महिन्यापासून लावली. पूजेच्या खोलीला उंबरा आहे; तो ओलांडायचा नाही हे तिला दोन आठवड्यांत समजले. (माझ्या धाकट्या पुतण्याला अजून समजलेले नाही.) मुद्दा असा की जे कुत्रे सहज शिकते, माणसाच्या शब्दाकडे लक्ष देते, असेच आपल्या घराला मानवते. शिकारीसाठी शतकानुशतके निवडलेल्या जातींचे रक्त वेगळे बोलते. मुधोळ हाउंड, कारवान ही आपल्या मातीतील देखणी कुत्री. टपाल खात्याने २००५ साली मुधोळचे चित्र तिकिटावर छापले. पण ससा दिसला की धावायचे, हे त्यांच्या अंगात आहे. फ्लॅटमधल्या कुटुंबाने, तेही जेथे बाल्कनीत कबुतरांना दाणे टाकले जातात तेथे, असे कुत्रे आणून मग त्याने कबूतर धरले म्हणून त्याला मारावे, हा अन्याय होय. बीगल आणि टेरियर जातींनाही हेच थोड्याफार फरकाने लागू आहे.

हस्कीविषयी मी न लिहिलेलेच बरे, पण लिहिते. सैबेरियाच्या बर्फासाठी निसर्गाने दिलेला दुहेरी केसांचा झगा घालून ते पुण्याच्या एप्रिलमध्ये कसे जगणार? वातानुकूलित खोलीत कोंडून ठेवणे हा उपाय नव्हे. एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर घरोघरी आलेल्या पगची स्थिती अशीच करुण आहे. चपट्या नाकामुळे त्याला नीट श्वासच घेता येत नाही आणि उन्हात तो धापा टाकतो. लॅब्रॅडॉर स्वभावाने खरोखर गोड. पण त्याचे खादाडपण प्रसिद्ध आहे. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ साली असे आढळले की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरांत भुकेशी संबंधित एका जनुकात बिघाड असतो. ज्या घरात दिवसभर शेव, फरसाण, खाखरे यांचे डबे उघडत असतात, त्या घरात तो दोन वर्षांत पिंपासारखा होतो आणि मग त्याचे कंबरेचे सांधे दुखू लागतात. शिवाय तीस किलोचे कुत्रे आनंदाने अंगावर आले तर दादीसांच्या वयाच्या माणसाचे काय होईल, हेही पाहावे.

आहाराचा प्रश्न मात्र सविस्तर लिहायला हवा, कारण आपल्या घरांचे सर्वांत मोठे अडखळणे येथेच आहे. कुत्रा शाकाहारावर जगू शकतो का? नीट आखलेल्या शाकाहारावर जगू शकतो. माणसाच्या सहवासात हजारो वर्षे राहून कुत्र्याला पिठूळ पदार्थ पचवण्याची शक्ती लांडग्याहून पुष्कळ अधिक आली आहे. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ साली त्यामागील जनुकीय बदल दाखवून दिले. मांजराचे तसे नाही. मांजराला मांसातील काही घटकांवाचून गत्यंतर नाही. म्हणून ज्या घरात डब्यातलेही मांस येणार नाही त्यांनी मांजर पाळण्याचा विचार सोडून द्यावा.

परंतु 'नीट आखलेला' हे शब्द विसरू नयेत. दूध-पोळी म्हणजे शाकाहार नव्हे, ती उपासमार आहे. निव्वळ दूध-पोळीवर वाढलेल्या पिल्लाचे पाय वाकतात, हाडे ठिसूळ होतात, मोठ्या वयात दुधाने जुलाबही होतात. पिल्लाला प्रथिने भरपूर लागतात, कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे प्रमाण जुळावे लागते आणि माणसाप्रमाणे उन्हात बसून त्याच्या त्वचेत पुरेसे 'ड' जीवनसत्त्व तयार होत नाही; ते अन्नातूनच द्यावे लागते. म्हणून वाढीच्या वयात पिल्लांसाठी बनवलेला संपूर्ण शाकाहारी तयार आहार घ्यावा आणि त्यात डाळ-भात, पनीर, दही, दुधी, लाल भोपळा यांची भर डॉक्टरांना विचारून घालावी. आम्ही हेच करतो. दर तीन महिन्यांनी वजन पाहतो, वर्षाकाठी रक्त तपासतो. एखाद्या पिल्लाला हे मानवले नाही आणि डॉक्टरांनी दुसरा आहार सांगितला तर काय करायचे, हे घरात आधी ठरलेले असावे. ज्यांना तेव्हा 'आम्हाला जमणार नाही' एवढेच म्हणता येणार आहे, त्यांनी पिल्लू आणू नये. अन्नपाननिरोध हा अहिंसाणुव्रताचा अतिचार आहे आणि आश्रिताला पोटभर पण निकस खाऊ घालणे हे त्याच्यापासून फार दूर नाही, असे मला वाटते.

तयार आहाराच्या पाकिटावरील घटक वाचावेत. हिरवा ठिपका असला तरी आत गाजर-बीट असू शकते. कृमींच्या आणि गोचिडांच्या अनेक चघळायच्या गोळ्यांना मांसाचा वास व चव दिलेली असते, हे आम्हाला फार उशिरा कळले. डॉक्टरांना आधी सांगितले तर ते साधी गोळी लिहून देतात. दुकानात मिळणारी पांढरी 'हाडे' बहुधा जनावराच्या कातड्याची असतात. पट्टाही चामड्याचा नको. सुती किंवा नायलॉनचा मिळतो.

एका बाबतीत आपले स्वयंपाकघर कुत्र्याला इतरांहून अधिक मानवते. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. आपल्याकडे ते शिरतच नाहीत. पण मनुका, बेदाणे आणि द्राक्षे त्याच्या मूत्रपिंडांना घातक आहेत, आणि मनुका तर आपल्या डब्याडब्यांत. चॉकलेटही विषच. प्रभावनेची पुडी मुलांच्या हातातून खाली पडली की मी आधी धावते.

चौविहार पाळणाऱ्या घरात कुत्र्याच्या जेवणाच्या वेळा कशा बसवायच्या, हेही मला पुष्कळांनी विचारले. मोठ्या कुत्र्याला दोन वेळचे जेवण पुरते: सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी. चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा लागते. सकाळी साडेसहा, दहा, दोन आणि सायंकाळी सहा असे आम्ही बसवले. पाणी मात्र रात्रभर भरलेले असते. काकासांनी सुरुवातीला हरकत घेतली, तेव्हा दादीसांनीच उत्तर दिले, "पच्चक्खाण मी घेतले आहे, तिने नाही."

गोचिडांचा प्रश्न याहून कठीण. एक मादी हजारो अंडी घालते. ती कुत्र्याच्या अंगावर नव्हे, भिंतींच्या भेगांत. पावसाळ्यात त्यांची वाढ झपाट्याने होते आणि त्यांच्या चाव्यातून येणारा ताप आपल्या भागातील कितीतरी कुत्र्यांचा बळी घेतो. औषध लावले तर गोचिडे मरतात, न लावले तर कुत्रे. यातून पूर्णपणे निर्दोष वाट मला सापडलेली नाही आणि सापडली असे मी म्हणणार नाही. आम्ही यतनेचा मार्ग धरला: रोज सायंकाळी दिवस असतानाच पंजे, कान, बगला तपासायच्या, केस विंचरायचे, अंथरूण उन्हात टाकायचे, भेगा बुजवायच्या. वाढ होऊच दिली नाही तर मारण्याचे प्रसंग फार कमी येतात. तरीही पावसाळ्यात औषध लावावे लागते आणि त्या महिन्यांत मी प्रतिक्रमणाला बसले की ते आठवते. ज्या घराला हे पेलणार नाही, त्याने आधीच थांबणे हे दोघांच्याही हिताचे.

नसबंदीविषयीही असेच. कर्मादानांत निर्लांछन आहे, म्हणजे प्राण्यांचे अवयव छेदणे. त्यामुळे अनेक श्रावकांचे मन धजत नाही. या बाबतीत प्रत्येक घराने आपल्या गुरुजनांशी बोलावे. माझे मत असे की मादी पाळायची, तिची वेते होऊ द्यायची आणि पिल्ले रस्त्यावर सोडायची, याहून मोठी निर्दयता नाही. आम्ही शस्त्रक्रिया करून घेतली.

तर अशी तीन वर्षे गेल्यावर आम्ही पुन्हा पिल्लू पाहायला निघालो. या खेपेस विक्रेत्याकडे नाही. यार्डाजवळच्या एका सोसायटीत एका सद्‌गृहस्थांनी जिन्याखाली व्यालेल्या गावठी कुत्रीला घरात आसरा दिला होता. चार पिल्ले होती आणि ती घरातच, माणसांत वाढत होती. सहाव्या आठवड्यात आम्ही पहिल्यांदा गेलो, मग सातव्या आणि नवव्या. एकदा सकाळी, एकदा भर दुपारी, एकदा संध्याकाळी. झोपेतून उठलेले पिल्लू आणि जेवून खेळणारे पिल्लू हे दोन वेगळे जीव असतात. एका भेटीत काहीच कळत नाही.

चारांतील एक काळे पिल्लू सर्वांत आधी धावत येई, बुटाच्या नाड्या ओढी, भावंडांना बाजूला सारी. मुलाचे मन त्याच्यावर बसले. एक पिल्लू कपाटामागून बाहेर येतच नसे. जावेला त्याची दया आली. दयेने निवड करू नये असे म्हणणे निष्ठुर वाटेल, पण तीन मुले आणि दहा पाहुणे असलेल्या घरात भित्र्या जिवाला आणणे ही त्याच्यावर दया नव्हे. ते पुढे एका निवृत्त, शांत दांपत्याकडे गेले आणि तेथे सुखात आहे. मी एक स्टीलची वाटी जमिनीवर टाकली. काळे पिल्लू भुंकले, दुसरे पळाले. मटकीच्या रंगाची एक मादी दचकून मागे सरली, क्षणभर थांबली आणि मग हळूच येऊन वाटी हुंगू लागली. उचलून घेतले तर थोडी वळवळली आणि शांत झाली. एवढ्या लहान वयातील परीक्षेवरून मोठेपणीचा स्वभाव नेमका सांगता येत नाही, असे या विषयातील अभ्यासकही म्हणतात. पण तिन्ही भेटींत ती तशीच वागली आणि तिची आई माझ्या पायाशी निर्धास्त निजली होती. याहून अधिक वानगी कोठून मिळणार?

शरीराची तपासणी डॉक्टरांनी केली, पण पहिली नजर आपणही टाकू शकतो. डोळे स्वच्छ, नाकातून पाणी नाही, हिरड्या गुलाबी, कानांना दुर्गंधी नाही, शेपटीखालचा भाग कोरडा. जेवण नसतानाही पोट नगाऱ्यासारखे फुगलेले असेल तर कृमी असतात. मागे टाळी वाजवली तर मान वळली पाहिजे.

तिचे नाव मटकीच ठेवले. भुसारवाल्यांच्या घरी दुसरे काय सुचणार! पहिल्या तीन रात्री ती रडली. तिच्या आईच्या अंगाखालचे एक जुने फडके आम्ही मागून आणले होते, ते अंथरुणात ठेवले आणि मुलगा शेजारी चटईवर झोपला. लशी पुऱ्या होईपर्यंत तिला रस्त्यावर सोडले नाही. मात्र कडेवर घेऊन रोज बाहेर नेले, म्हणजे रिक्षा, हातगाड्या, बँडबाजा सर्व कानांवरून जाईल. महापालिकेचा परवाना काढला. सोसायटीच्या सभेत एकाने कुत्रे ठेवण्यास बंदीचा ठराव आणायचे म्हटले, तेव्हा भारतीय प्राणी कल्याण मंडळाचे २०१५ चे परिपत्रक यांनी सर्वांसमोर वाचून दाखवले; बहुमतानेही अशी बंदी घालता येत नाही. पण कायदा दाखवून शेजार टिकत नाही हेही खरे. म्हणून पिशवी आणि कागद घेतल्याशिवाय आमच्याकडचे कोणीही तिला खाली नेत नाही.

पायऱ्यांवर भेटलेल्या त्या भगिनीला मी यातील बरेच काही सांगितले. ती जरा हिरमुसली. तिला एका जातीचे नाव हवे होते. तरी तिने घरी जाऊन सर्वांना विचारले असावे. दिवाळीनंतर तिचा फोन आला. सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया जानेवारीत ठरली होती आणि वैशाखात सर्वजण शिखरजीला जाणार होते, तेव्हा हे वर्ष पिल्लू आणायचे नाही असे त्यांच्याकडे ठरले. तोवर गल्लीतील दोन कुत्र्यांना रोज खाऊ घालायचे आणि त्यांची रेबीजची लस स्वखर्चाने करायची, हे काम मुलांनी अंगावर घेतले आहे. फोन ठेवता ठेवता तिने विचारले, "भाभी, त्यांतली एक व्यायला झाली आहे. तिची पिल्ले आपण आठ आठवडे जिन्याखाली सांभाळली, तर चालेल ना?"

मी तिला आमच्या डॉक्टरांचा नंबर दिला आणि जुन्या गोण्यांचा गठ्ठा दुकानातून पाठवून दिला.